सहास एक

“सव्वासात होऊन गेले. एवढ्यात माझी कोळंबीसुद्धा फुंकून मोकळी झाली असती,” तिकिटाच्या खिडकीला टोपली टेकवून सुगंधा पुटपुटली. नावाला सुगंधा, धंदा मासळीचा. ह्या विनोदावर हसायचं गावाने कधीच सोडून दिलं होतं. तिचं तोंड जाळीच्या इतकं जवळ होतं, की ऐकू आलं नाही असं दाखवणं दर्शनाला जड गेलं. तिने तिकीट फाडून पुढे सरकवलं आणि मान खालीच ठेवली.

मोबाइलवर तिकीट काढणारे एव्हाना बोटीत चढून बसले होते. खिडकीशी यायची ती टोपल्यांची, काठ्यांची, जुन्या वळणाची माणसं. पण आज मोबाइलवालेही माना वळवून जेट्टीकडे बघत होते. तिथे दर्शनाचा नवरा, हरेश पावसे, ह्या बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणूवरचा माणूस, दुसऱ्यांदा नळीत फुंकत होता.

खाडीच्या अल्याड सुरवंडी, पल्याड कोंडगाव, मधे पाऊण किलोमीटर पाणी. फेरीबोट बॅटरीवर चालायची, आवाज म्हणून नाही. मात्र चार वर्षांपासून एक नियम झाला होता. दिवसाच्या पहिल्या खेपेआधी तांडेलाने जेट्टीवरच्या नळीत फुंकल्याखेरीज बोट जागची हलत नसे. त्या यंत्राचं सरकारी नाव ‘श्वासगुणोत्तरमापक’. गावाने दोन दिवसांत त्याची ‘फुंकणी’ केली. घरोघरच्या चुली जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. फुंकणी मात्र अशी जेट्टीवर परत आली.

फुंकणीच्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा होता. श्वास त्यावर आदळला, की पडदा त्यातली नुसती हवा सोडून द्यायचा, उरलेल्या वाफेतले कण फोडायचा आणि मोजायचा, की ऑक्सिजनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे अणू किती. नुसतं पाणी असेल तर दोन. पाण्याखेरीज आणखी काही असेल तर पाणी वजा करून त्या आणखी कशाचा तरी आकडा. दारूचा आकडा सहा. एवढं चार वर्षांत शेंबड्या पोरांनाही पाठ झालं होतं. फुंकणी स्वस्त होती, म्हणून ती शाळेच्या बसला लागली, बंदरातल्या क्रेनला लागली, कोंडगावच्या आरोग्य केंद्राच्या दारालाही लागली. आणि प्रवाशांचा भरवसा राहावा म्हणून आकडा जेट्टीवरच्या फलकावर, हातभर उंचीचा, सगळ्यांना दिसेल असा उमटायचा.

ह्या चार वर्षांत गावाचं बोलणंही बदललं. अमका पिऊन आला, असं कोणी म्हणेना. “त्याला सहा आलं,” एवढंच. दारू हा शब्द गावातून हद्दपार झाला. दारू तेवढी राहिली.

फलकावर पुन्हा सहा उमटलं.

जेट्टीचा देखरेखदार आयूब मुकादम फलकाखालीच उभा होता, तरी त्याने आकडा वाचायला चष्मा लावला. मग हरेशच्या गळ्यातली बोटीची किल्ली स्वतःच्या हाताने काढून घेतली आणि पल्याडच्या राखीव तांडेलाला फोन लावला.  सुगंधाने खिडकीला टेकवलेली टोपली हळूच उचलून डोक्यावर घेतली.

वर्षात तीन वेळा सहा आलं, की परवाना कायमचा रद्द. एका सकाळी दोनदा फुंकलं तरी ते एकच धरत. हे पहिलं होतं.

घरी आल्यावर हरेश पाटावर बसला आणि म्हणाला, “मी घेतलेली नाही.”

“मी कुठे काय म्हटलं?” दर्शना म्हणाली. आणि खरंच तिने काही म्हटलं नव्हतं.

म्हणायला बारा वर्षांपूर्वीचं होतं की. तेव्हा फुंकणी नव्हती, बोट डिझेलची होती, आणि हरेश संध्याकाळच्या खेपेला दोन घोट मारून सुकाणूवर बसायचा. त्या दिवशी दोनाचे किती झाले कोण जाणे. बोट जेट्टीवर अशी आदळली, की उतारावर उभी असलेली आयूबची आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. म्हातारी त्यानंतर दोन वर्षं जगली, पण अंथरुणातून उठली नाही. हरेशने दर्शनाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि ती पाळली. लग्नात, होळीत, भावाच्या बाराव्यालाही पाळली. वर्षभराने त्याला बोटीवर परत घ्या म्हणून अर्ज कोणी केला, तर आयूबने. आईबद्दल तो हरेशला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं दर्शनाला कैकदा वाटायचं. न बोललेलं हिशेबातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी हरेशचा सदरा धुवायला घेताना खिशात कागदाची पुडी सापडली. उघडली तर लवंगा. पाच-सहा, ठसठशीत. पुरुषमाणूस खिशात लवंगा कशासाठी बाळगतो, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा. बारा वर्षांपूर्वीही हरेशच्या खिशात लवंगा असायच्या. दर्शनाने पुडीला पूर्वीच्याच घड्या घातल्या, सदरा धुतला, वाळवला, आणि वाळलेल्या सदऱ्याच्या खिशात पुडी परत ठेवून दिली.

आठ दिवस किल्ली आयूबकडेच राहिली. नवव्या दिवशी हरेश पुन्हा नळीशी उभा राहिला, आणि दुसरं सहा आलं.

नियमाप्रमाणे आता समुपदेशनाचा कोर्स लागला. तो मोबाइलच्या पडद्यावर असायचा, घरच्या माणसासकट. पडद्यावरची ताई गोड आवाजात बोलायची आणि हरेशचं काहीही ऐकून घ्यायची नाही, कारण ती खरी नव्हती. तिला आकडा ठाऊक होता, माणूस नाही. “मी घेत नाही,” असं हरेश म्हणाला, की ती म्हणायची, “नाकारणं ही पहिली पायरी असते, दादा.” घरच्यांसाठी तिने उपाय सांगितले होते. तलफ आली, की गोड सरबत द्यावं. हाताला कंप सुटला, थकवा आला, की साखरपाणी द्यावं. गोडाने तलफ मरते.

दर्शनाने घरातलं आगळ, कोकमाचा घट्ट रस, काढलं आणि सरबत करायला सुरुवात केली. तिच्या हाताला चव होती. साखर सढळ, मीठ चिमूटभर, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. हरेश तो ग्लास असा घटाघटा प्यायचा, की वाळूत पाणी ओतावं. अर्ध्या तासाने पुन्हा मागायचा. ऑक्टोबरचा उकाडा होता, सगळ्यांनाच तहान लागत होती. पण तो रात्रीतून चार-चारदा परसात जायचा, सदरा त्याच्या खांद्यांवर हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला होता आणि पल्याडच्या जेट्टीवरची पाटी धूसर दिसते म्हणायचा. दर्शना हे सगळं बघत होती. बघत नव्हती असं नाही. पण एकदा मनात सहा बसलं, की बाकीचं सगळं त्याच्यामागे रांग लावून उभं राहतं. बारीक झालाय, कारण पितोय. डोळ्यांसमोर धूसर, कारण पितोय. परसात का जातो, तर बाटली तिथे असणार. एका सकाळी तिने बंबाच्या लाकडांचा ढीगही उपसून पाहिला. एक विंचू निघाला.

तिने सरबताचे ग्लास मात्र कमी केले नाहीत. रागावलेली बायको जे शब्दांत देत नाही, ते ती वाटीत-ग्लासात देते. दिवसाला पाच ग्लास, कधी सहा.

मग तिची दाढ दुखायला लागली.

फुंकणीची नळी रोज सकाळी साबणाच्या पाण्याने पुसायची, हे तिकीटखिडकीवाल्या बाईचं काम. त्या सकाळी जेट्टीवर अजून कोणी आलं नव्हतं. दर्शनाने दाढेखाली लवंग धरली होती. हरेशच्याच पुडीतली, आता घरात दुसरीकडे लवंग शोधत कोण बसणार. नळी पुसून झाली, आणि पाणी आत राहिलं असेल म्हणून तिने जोरात फुंकर मारली.

फलकावर सहा उमटलं.

दर्शना जन्मात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पिणारी. ती फडकं हातात धरून फलकाकडे बघत राहिली. पहिला विचार आला तो लाजेचा, कोणी पाहिलं तर नाही ना. पाहिलं होतं. कोंडगावच्या हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या तेरेदेसाई बाई पहिल्या खेपेसाठी नेहमी लवकर यायच्या. त्या पिशवी सांभाळत उतारावर उभ्या होत्या.

“तोंडात काय आहे तुमच्या?” त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

“लवंग. दाढ दुखते.”

बाईंनी पिशवी खाली टेकवली. मग खिडकीतून एक कोरं तिकीट मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला लागल्या. लवंगेच्या तेलात जो मुख्य पदार्थ असतो त्याला युजेनॉल म्हणतात. त्याच्या एका रेणूत, म्हणजे सगळ्यांत लहान कणात, कार्बनचे दहा अणू, हायड्रोजनचे बारा, ऑक्सिजनचे दोन.

“बारास दोन. म्हणजे एकाला किती?”

“सहा,” दर्शना म्हणाली.

“आता मद्यार्क. कार्बन दोन, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन एक. हेही सहास एक.”

“पण कार्बन तर वेगळा आहे.”

“वेगळा आहे. पण तो मोजतंय कोण? कार्बन मोजणारा पडदा महाग पडतो, म्हणून स्वस्तातल्या यंत्रात तो सोडून दिलाय.” बाईंना आता चेव चढला होता. शिकवण्याचा चेव; त्याला वेळकाळ नसतो. त्या एकाखाली एक लिहीत गेल्या. व्हिनेगर चारास दोन, म्हणजे दोन. साखर बावीसास अकरा, म्हणजे दोन. “फुंकणीला विचाराल तर साखर आणि पाणी एकच. कशी सोज्वळ दिसते बघा, दोनास एक.”

दर्शनाने तो तपशील नीट ऐकलाही नाही. तिचं लक्ष लवंगेवर होतं. तिकीट मुठीत धरून ती खिडकी उघडी टाकून घरी गेली. ही गोष्ट नोकरीत तिने कधी केली नव्हती.

“तुम्ही लवंगा कशाला खाता?” तिने दारातूनच विचारलं.

हरेश भिंतीला टेकून बसला होता. त्याने आधी मान फिरवली. मग म्हणाला, की तोंडाला वास येतो. महिन्याभरापासून. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. लोक म्हणतील, हा प्यायलाय. म्हणून लवंग.

न प्यायलेल्या दारूचा वास लपवायला लवंग, आणि लवंगेमुळे दारूचा आकडा. दर्शनाला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. तिने त्याला तिकिटाची पाठ दाखवली, दहा-बारा-दोन समजावलं, आणि तोही हसायला लागला. हसताना त्याच्या गालांची हाडं वर आली, ती तिला दिसली. तिने दोन ग्लास सरबत केलं आणि दोघं पायरीवर बसून प्यायली. तोंडाला वास का येतो, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

तेच तिकीट परत घेऊन तेरेदेसाई बाईंनी आयूबला सगळं समजावलं. आयूबने तिकीट तीनदा वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून दर्शनाला वाटलं, हा माणूस किती दिवस झोपलेला नाही कोण जाणे. त्याने वरच्या कार्यालयातून परवानगी आणली. रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर, पुन्हा एकदा. दोन दिवस लवंग नाही, विडा नाही, काही नाही. दोन आलं, तर आधीची दोन्ही सहा खोडायची. आणि सहा आलं, तर ते तिसरं धरायचं. हे शेवटचं वाक्य आयूबने जरा घाईत उरकलं.

रविवारी जेट्टीवर जत्रा होती म्हणायला हरकत नाही. सुगंधा टोपली न घेता आली होती, त्यामुळे ओळखूच येईना. कोणी तरी हरेशला म्हणालं, “फुंक रे, तांडेला, आणि चल. बायकोचं माहेर पल्याड अडकलंय.” लोक हसले. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्याशी कोणी थट्टा केली होती.

नळी हातात घेतल्यावर हरेशने मागे वळून दर्शनाकडे पाहिलं. त्याला धाप लागली होती, नुसता उतार उतरून.

“आणि परत सहा आलं तर?” तो हळूच म्हणाला.

“येणारच नाही,” ती म्हणाली.

त्याने फुंकलं. पडद्याला मोजायला लागतात तेवढे सात-आठ सेकंद गेले. लाटा जेट्टीच्या खांबांवर आपटत होत्या तेवढाच आवाज.

सहा.

 तेरेदेसाई बाईंनी हातातलं तिकीट घडी करून पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावायला त्यांना बराच वेळ लागला. आयूब पुढे आला. परवान्याचं कार्ड हरेशच्या खिशातून काढताना तो त्याच्या तोंडाकडे नाही, छातीवरच्या गुंडीकडे बघत होता. लोक उतारावरून वर गेले, दोघातिघांनी, चपला न वाजवता.

घरी पोचेपर्यंत दर्शना दोन पावलं पुढेच चालत होती. उंबऱ्याशी आल्यावर हरेशने चौकटीला हात टेकला आणि म्हणाला, “पाणी दे गं.”

“दारू प्यायलात तुम्ही,” ती म्हणाली.

चार वर्षांत गावात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. तिलाच तो ऐकून दचकल्यासारखं झालं. पण एकदा सुटल्यावर तिला थांबवेना.

“माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आणि सगळ्या गावासमोर मला उभं केलंत, लवंगा घेऊन. दारू प्यायलात तुम्ही.”

हरेशने चौकटीवरचा हात बदलला. मग पुन्हा म्हणाला, “पाणी.”

“हाताने घ्या.”

तो आत जाऊन पडला. दोन दिवस पडून होता. फारसं काही खाल्लं नाही. खाल्लेलं उलटून पडलं. श्वास घ्यायचा तो खोल, घाईघाईने, जणू अजून कुणी तरी समोर नळी धरली आहे. पडद्यावरच्या ताईने सांगून ठेवलंच होतं, की सोडताना असा त्रास होतो, माणूस ओकतो, बरळतो, घाबरून जाऊ नये. दर्शना घाबरली नाही. ती त्याच्याशी बोलली नाही, पण सरबताचा ग्लास भरून उशाशी ठेवत राहिली, आणि रिकामा झाला की पुन्हा भरत राहिली.

तिसऱ्या सकाळी ग्लास भरलेलाच होता. तिने हाक मारली. मग हलवलं. मग अंगणात जाऊन ओरडली.

आयूब धावत आला. चौघांनी हरेशला चादरीत घालून जेट्टीवर नेलं. राखीव तांडेल फुंकणीसमोर उभा राहिला, कारण फुंकल्याशिवाय बोट हलणार नव्हती. सात-आठ सेकंद. दोन. मग बोट निघाली.

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती. तिने अजून कुठलंही यंत्र लावलं नव्हतं. ती हरेशच्या तोंडावर वाकली, एकदा श्वास घेतला आणि ताठ झाली.

“ह्यांना साखर आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” तिने विचारलं.

दर्शनाला प्रश्नच कळला नाही.

नंतर, हरेशच्या दोन्ही हातांना नळ्या लागल्यावर, डॉक्टरने तिला बाकावर बसवून सांगितलं. रक्तात साखर आहे, रग्गड आहे, पण शरीराला ती वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला लागतं. ती जळताना रक्त आंबट होतं, आणि श्वासात ॲसिटोन नावाची वाफ येते. तिचाच तो पिकल्या केळ्याचा वास. ॲसिटोन म्हणजे नखांचा रंग काढायला वापरतात ते. महिन्याभरापासून येत असणार. तहान, लघवी, बारीक होणं, धूसर दिसणं, हे सगळं असणार. होतं ना?

“होतं,” दर्शना म्हणाली.

“ते काय पीत होते एवढ्यात?”

“सरबत. कोकमचं.” मग तिने स्वतःहूनच सांगितलं, “साखर घालून. मी करत होते. दिवसाला पाच-सहा ग्लास.”

डॉक्टरने ते लिहून घेतलं. आणखी एक विचारायचं होतं, पूर्वी कधी दारू पीत होते का. पूर्वीच्या दारूने स्वादुपिंड जायबंदी झालेलं असू शकतं, म्हणाली, ते लगेच कळत नाही, कधी कधी दहा-बारा वर्षांनी कळतं. नक्की असं नाही, पण असू शकतं. दर्शनाने मान हलवली. म्हणजे हरेशने दारू सोडली होती. दारूने त्याला सोडलं नव्हतं.

तेरेदेसाई बाई शाळेतून परस्पर आल्या होत्या. बाकावर दर्शनाशेजारी बसून त्यांनी पर्समधून ते घडी केलेलं तिकीट काढलं. कोपऱ्यात थोडी जागा उरली होती. त्यांनी लिहिलं: ॲसिटोन. कार्बन तीन. हायड्रोजन सहा. ऑक्सिजन—

पेन तिथेच थांबलं.

“एक,” दर्शना म्हणाली. “सहास एक.”

हरेश वाचला. अकरा दिवसांनी घरी आला तो काठीच्या आधाराने, पोटात सुई टोचायला शिकून. तळपायांची जाणीव गेली होती. डाव्या डोळ्याला पल्याडची जेट्टी आता अजिबात दिसत नव्हती. परवाना मात्र परत आला, सोबत दिलगिरीचं छापील पत्र. तीनही सहा खोडली होती. आता त्या परवान्यावर सुकाणू धरणं शक्य नव्हतं, ते कार्ड दर्शनाने देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं.

लोक भेटायला येत. बिनसाखरेची बिस्किटं आणत आणि चहाबरोबर स्वतःच खाऊन जात. सगळे एकच म्हणत, “फुंकणी चुकली.” बाहेरचे, घरचे, आरोग्य केंद्राची नर्स, सगळे. म्हणताना प्रत्येकाचा आवाज थोडा हलका व्हायचा, ओझं टेकायला कट्टा सापडल्यासारखा. हरेश मान डोलवायचा. दर्शना चहा करायची. दोघं एकटी असली, की त्या विषयावर बोलत नसत. सुईच्या वेळांवर बोलत, भाकरी की भात ह्यावर बोलत. उंबऱ्याशी ती काय म्हणाली होती, ते त्याने काढलं नाही. तिनेही नाही.

एकदा जेट्टीच्या कार्यालयात तिकिटांची नवी पुस्तकं शोधताना तिला आयूबच्या टेबलाच्या खणात फुंकणीचं माहितीपत्रक सापडलं. चार वर्षं प्लास्टिकमध्येच होतं; फक्त एका टोकाला ते नुकतंच फाडलेलं होतं आणि चौदाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिथे लिहिलं होतं, की यंत्र पदार्थ ओळखत नाही, फक्त गुणोत्तर सांगतं. सहा आल्यास त्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. म्हणजे आयूबनेही वाचलं होतं, उशिरा. तिने ते होतं तसं प्लास्टिकमध्ये सरकवलं आणि खण लावून टाकला. लवंगांची पुडी ठेवली होती तसंच.

डिसेंबरात जेट्टीवर नवी फुंकणी बसली. हिच्यात कार्बन मोजणारा पडदा होता, फलकावर एकाच्या जागी दोन आकडे उमटत. त्याच सकाळी हरेशला तपासणीला तालुक्याला जायचं होतं. आयूबने त्याला हात धरून उतारावरून आणलं आणि बोटीतल्या पुढच्या बाकावर बसवलं, सुकाणूपासून चार हातांवर, आणि पल्याडपर्यंत सोबत म्हणून स्वतःही समोर बसला. नवा तांडेल फुंकत होता. आकडे बरोबर आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“आता काय बिशाद चुकायची,” आयूब हरेशला म्हणाला. “आधीचं मशीनच फालतू. त्याने घात केला तुझा.”

“जळलं मेलं मशीन,” सुगंधाने टोपली मांडीशी ओढत साथ दिली. बाकावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. हरेशनेही हलवायला घेतली, आणि अर्ध्यावर थांबवली. तो पाण्याकडे बघत राहिला, ज्या डोळ्याने दिसत होतं त्या डोळ्याने.

दर्शना खिडकी बंद करून आली होती. तिला त्याच्याबरोबर जायचं होतं. ती उभीच होती, एक हात कठड्यावर.

“फुंकणी चुकली नव्हती,” ती म्हणाली.

आयूबने वर पाहिलं.

“तिने सहा म्हटलं, आणि सहाच होतं. ती दुसरं काही म्हणालीच नाही, आयूबभाय. तुम्ही चौदावं पान वाचलंत, मीही वाचलं. तिला तर तेवढंच मोजता येत होतं. मला बाकीचं सगळं दिसत होतं.” मग ती हरेशकडे वळली. लोक होते, तरी वळली. “दारू मी म्हटलं.”

बोट निघाली होती, पण आवाज नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सुगंधा टोपलीवरचं फडकं नीट करत बसली. आयूब चष्मा पुसायला लागला आणि पुसतच राहिला.

हरेशने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि बाकावर थोडं सरकून तिच्यासाठी जागा केली. ती बसली. जेट्टी बरीच मागे पडल्यावर, फलकावरचे आकडे त्याच्या डोळ्यांना दिसेनासे झाल्यावर, तो पाण्याकडेच बघत म्हणाला,

“आणि परत सहा आलं तर? काय म्हणशील?”